जिन्यातले आपत्कालीन दिवे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायट्यांचे सेक्रेटरी, क्लासेस चालवणारे, मंगल कार्यालयांचे आणि नाट्यगृहांचे व्यवस्थापक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. एखाद्या मुद्द्याचा खुलासा आधीच झाला असेल तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आपत्कालीन दिवा म्हणजे नेमकं काय? घरात चार्जिंगचा दिवा असतो, तोच का?

काम सारखं वाटलं तरी तो वेगळा. घरातला चार्जिंगचा दिवा शोधावा लागतो, उचलून लावावा लागतो. सुटकेच्या मार्गावरचा दिवा भिंतीला किंवा छताला कायमचा बसवलेला असतो आणि नेहमीची वीज गेली की कुणी हात न लावता आपोआप लागतो. त्याची बॅटरी त्याच्याच पोटात असते किंवा इमारतीत दुसरीकडे सुरक्षित जागी असते. घरापासून रस्त्यापर्यंतचा रस्ता माणसाला दिसत राहावा, वाटेतली पायरी, वळण, दार, अलार्मचं बटण आणि आग विझवण्याचा सिलिंडर नजरेला पडावा, एवढ्यासाठी तो असतो. खोली उजळणं हे त्याचं काम नाही.

२. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. टॉर्च लावून उतरता येत नाही का?

नुसती लाइट गेली असेल तर येतं. आग लागलेली असताना एका हातात मूल असतं, दुसऱ्या हाताने आजींचा दंड धरलेला असतो. रात्री दोन वाजता मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो आणि माणूस तसाच धावत बाहेर पडतो. धुरात टॉर्चचा झोत समोरच्या धुरावर आपटून डोळ्यांवरच येतो, पायाखालची पायरी दिसत नाही. शिवाय जिन्यात पन्नास माणसं असतील तर पुढच्याच्या पाठीमुळे मागच्याचा उजेड अडतो. टॉर्च जवळ असावा, पण इमारतीची सोय त्याच्या भरवशावर सोडू नये.

३. हे कायद्याने बंधनकारक आहे का? जबाबदारी बिल्डरची की सोसायटीची?

महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ लागू आहे. किमान उपायांसाठी तो राष्ट्रीय बांधकाम संहितेकडे बोट दाखवतो, आणि त्या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या चौथ्या भागात सुटकेच्या मार्गावरच्या प्रकाशाबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत. जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. इमारत सोसायटीच्या ताब्यात आल्यावर बिल्डरकडे बोट दाखवून सुटका होत नाही.

कोणत्या इमारतीला नेमकं काय लागतं हे उंची आणि वापर यांवरून ठरतं. आपल्या इमारतीच्या अग्निशमन ना-हरकत पत्रात अटी लिहिलेल्या असतात. ते पत्र सोसायटीच्या कपाटात कुठल्या फायलीत आहे, हे कमिटीतल्या निदान दोघांना माहीत असावं. बऱ्याच ठिकाणी ते शोधण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

४. उजेड किती हवा आणि किती वेळ टिकायला हवा?

संहितेनुसार मार्गाच्या मध्यरेषेवर, जमिनीच्या पातळीवर, किमान १० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) आणि किमान ९० मिनिटं. युरोपातल्या मानकात मध्यरेषेवर किमान १ लक्स चालतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, निरभ्र आकाशातल्या पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास भरतं. म्हणजे १० लक्स हा झगमगाट नाही, पण पायरीची कड आणि समोरच्याचा चेहरा नीट दिसतो.

‘उतरायला पाच मिनिटं लागतात, मग ९० मिनिटं कशाला?’ असंही विचारतात. कारण सगळे एकदम उतरत नाहीत. कुणी झोपेतून उशिरा उठतं, कुणाला खुर्चीत बसवून खाली आणावं लागतं. आणि अग्निशमन दलाचे जवान त्याच जिन्याने वर चढत असतात, मजल्यामजल्यावर दारं ठोकत असतात. त्यांनाही तो उजेड लागतो.

आणखी एक अट लोकांच्या नजरेतून सुटते: एक दिवा बंद पडला म्हणून कुठलाही भाग पूर्ण अंधारात जाता कामा नये. प्रत्येक जागी निदान दोन दिव्यांचा उजेड पोहोचेल अशी मांडणी करावी.

५. दिवे नेमके कुठे लावायचे?

माणूस जिथे थबकतो तिथे. कॉरिडॉर जिथे मिळतात तिथे, वळणावर, प्रत्येक दारापाशी, जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर थेट उजेड पडेल असे, उंबरा किंवा एखादी अवचित पायरी असेल तिथे, अलार्मच्या बटणाजवळ, होजरीळ (आग विझवायची गुंडाळलेली नळी) आणि सिलिंडरजवळ, आणि शेवटच्या दाराच्या बाहेरही. ‘जवळ’ म्हणजे आडवं मोजून साधारण दोन मीटरच्या आत.

उंचीबाबत संहिता म्हणते की दिवे शक्य तितके खाली असावेत, पण जमिनीपासून दोन मीटरपेक्षा खाली नकोत. धूर आधी छताशी साठतो. छताला चिकटवलेला दिवा सर्वांत आधी त्या काळ्या थरात बुडतो, म्हणून भिंतीवर दारापेक्षा जरा उंच लावलेला बरा. शेवटच्या दाराबाहेरच्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे, ती प्रश्न १७ मध्ये.

६. आमच्याकडे मोठा जनरेटर आहे. मग बॅटरीच्या दिव्यांवर खर्च का करायचा?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचाही.

जनरेटर आपोआप सुरू होणारा असला तरी तो सुरू व्हायला, व्होल्टेज स्थिर व्हायला आणि भार उचलायला काही सेकंद जातात. तेवढ्यात जिन्यात गर्दी असेल तर पहिला माणूस पडतो आणि त्याच्यावर मागचे. पण हे कारण दुय्यम आहे. खरं कारण तुमच्या तळमजल्यावर आहे. एकदा मीटर रूमसमोर उभं राहून बघा. आपल्याकडच्या असंख्य इमारतींत मीटर रूम जिन्याच्या अगदी शेजारी किंवा जिन्याखालीच असते. आत जुने फ्यूज, सैल झालेली जोडणी, नंतर ओढलेल्या एसीच्या वायरी, आणि कोपऱ्यात गणपतीच्या सजावटीचा थर्माकोल. आग तिथेच लागली तर वीज सगळ्यांत आधी जाते आणि धूर जिन्यातून वर चढतो. जनरेटर मागच्या आवारात धडधडत असेल, पण त्याची जिन्यापर्यंतची केबल बहुधा त्याच मीटर रूममधून गेलेली असते.

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी असंच घडलं. तळमजल्याच्या पार्किंगमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली, धूर वर बाल्कनीत पोहोचला, वीज गेली. आपत्कालीन दिवे नव्हते, आणि जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. ५९ माणसं गेली. बाल्कनीपर्यंत ज्वाळा पोहोचल्याच नव्हत्या, लोक धुरात गुदमरले.

म्हणून ज्याची वीज जागच्या जागी आहे असा दिवा हवा. जनरेटर ठेवा, लिफ्ट आणि पंपासाठी तो लागतोच. उलट बाजूही सांगायला हवी: जिथे जनरेटर बंधनकारक आहे तिथे बॅटरीचे दिवे लावले म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

७. प्रत्येक दिव्यात वेगळी बॅटरी ठेवण्यापेक्षा एकच मोठा इन्व्हर्टर बसवला तर?

चालतो, देखभालही सोपी होते. पण मग तो इन्व्हर्टर मीटर रूममध्ये नको, त्याच्यापासून निघणारी वायर आगीत तग धरणाऱ्या प्रकारची हवी आणि ती वेगळ्या मार्गाने न्यायला हवी. हे तिन्ही पाळायचं तर खर्च वाढतो. सात-आठ मजल्यांच्या साध्या सोसायटीला मी स्वतंत्र बॅटरीचेच दिवे सुचवतो. मोठं रुग्णालय, मॉल किंवा कार्यालयाच्या इमारतीत मध्यवर्ती व्यवस्था परवडते, कारण तिथे ती बघायला माणूस असतो.

८. दिव्याला वीज कुठून द्यायची? इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘पंपाच्या लाइनवरून देतो, ती कधी बंद होत नाही.’

त्याला थांबवा. दिव्याला कळायला हवं की जिन्यात अंधार झालाय. जिन्याच्या दिव्यांचा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा पॅनेलमधला स्विच) पडला आणि पंपाची लाइन चालूच राहिली तर आपत्कालीन दिव्याच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, तो लागत नाही, आणि जिना मात्र काळोखात असतो. म्हणून त्याला जिन्याच्या नेहमीच्या दिव्यांच्याच सर्किटवरून वीज द्यायची, पण स्विचच्या आधीची.

हे ‘स्विचच्या आधी’ फार मोलाचं आहे. एक नेहमीचं दृश्य सांगतो. सकाळी साडेसहाला वॉचमन पॅनेलपाशी जातो आणि जिन्याचे दिवे एमसीबी खाली करूनच घालवतो, कारण वेगळा स्विच बसवलेलाच नसतो. दिव्याला वाटतं वीज गेली. तो लागतो, दिवसाउजेडी दीड-दोन तास जळतो आणि बॅटरी रिकामी करून विझतो. संध्याकाळी एमसीबी वर जातो, बॅटरी अर्धीमुर्धी भरते, सकाळी पुन्हा तेच. रोज अशी रिकामी होणारी बॅटरी वर्षभरात मान टाकते. मग सभेत ठरतं की ‘हे दिवेच बोगस आहेत.’

उपाय स्वस्त आहे. जिन्याच्या दिव्यांना स्वतंत्र स्विच किंवा टायमर द्या, आपत्कालीन दिव्याला कायम चालू असलेली फेज द्या, आणि त्या एमसीबीवर ‘बंद करू नये’ अशी पट्टी मराठीत आणि हिंदीत लावा.

९. बाजारात बॅटरीवाला ‘इन्व्हर्टर बल्ब’ मिळतो. नेहमीच्या होल्डरमध्ये तोच लावला तर?

घरात लावा, उत्तम आहे. सुटकेच्या मार्गावर त्याच्यावर विसंबू नका. स्विच बंद केलाय की वीज गेलीय, हे तो बल्ब वायरीतून अप्रत्यक्षपणे ओळखतो: वीज नसताना त्या वायरीवर बाकीच्या उपकरणांमधून सर्किट पूर्ण होतंय का, ते तो बघतो. पूर्ण होत असेल तर तो समजतो ‘वीज गेली’ आणि लागतो. हातात धरून बोटांनी टोकं जोडली तरी तो पेटतो, ते याचमुळे. आता जिन्याचा एमसीबी पडला किंवा कुणी मुद्दाम तोडला, आणि त्या लाइनवर पुढे दुसरं काही जोडलेलं नसलं, तर तो समजतो ‘स्विच बंद केला’ आणि गप्प राहतो. नेमकी आगीच्या वेळी मेन तोडली जाते, आणि नेमका तेव्हाच त्याचा भरवसा नसतो.

१०. दिव्यावर छोटा हिरवा एलईडी सतत लागलेला आहे. म्हणजे दिवा तयार आहे ना?

तो एलईडी फक्त चार्जिंगची वीज येते आहे एवढंच सांगतो. बॅटरी ती वीज साठवते की नाही, हे त्याला कळत नाही. पूर्ण मेलेल्या बॅटरीच्या दिव्यावरही तो खुशाल हिरवा दिसतो. खरी परीक्षा एकच: वीज तोडून दिवा जाळून बघणं.

महिन्यातून एकदा चाचणीचं बटण दाबा, अर्धा मिनिट तरी. वर्षातून एकदा पूर्ण ९० मिनिटं वीज बंद ठेवून प्रत्येक दिवा शेवटपर्यंत टिकतो का ते बघा आणि वहीत लिहा: तारीख, दिव्याचा क्रमांक, किती मिनिटं टिकला, सही. वार्षिक चाचणीला सगळ्या मजल्यांचे दिवे एकाच दिवशी रिकामे करू नका. बॅटरी पुन्हा भरायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, आणि त्या रात्री काही झालं तर संपूर्ण जिना उघडा पडतो. आज सम मजले, दोन दिवसांनी विषम, असं करा. वेळ सकाळची ठेवा.

११. बॅटरी किती वर्षं टिकते?

निकेल-कॅडमियमची साधारण चार वर्षं धरतात. सीलबंद लेड-ॲसिड उष्णतेत त्याच्याही आधी थकते, आणि गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावरचा दिवा मे महिन्यात चांगलाच तापतो. लिथियम आयर्न फॉस्फेट जास्त टिकते, पण किंमत जास्त. बॅटरी बदलल्याची तारीख दिव्याच्या आत मार्करने लिहून ठेवा. कोकणात आणि मुंबईत जाळीच्या जिन्यात पाऊस सरळ आत येतो, तिथे पाण्यापासून संरक्षण असलेलेच दिवे घ्या, नाहीतर जोडणीच्या टोकांना हिरवट गंज चढतो.

१२. एक्झिटचा बोर्ड हिरवा का असतो? आमच्याकडे लाल आहे, बदलावा का?

बदला. लाल रंग अग्निशमन साधनांचा आणि मनाईचा, हिरवा सुरक्षित वाटेचा. अमेरिकेत लाल अक्षरांचे बोर्ड सर्रास दिसतात, त्यामुळे तसे इथेही आले. हिरव्यावर पांढरा धावणारा माणूस हे चिन्ह जपानमधून आलं. ओसाकाच्या सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरला १९७२ मध्ये लागलेल्या आगीत ११८ माणसं गेली, त्यानंतर तिथे सुटकेच्या चिन्हांचा गांभीर्याने विचार झाला आणि युकिओ ओता यांची रचना पुढे आली. नंतर ती आंतरराष्ट्रीय मानकात गेली. वाचता न येणाऱ्यालाही आणि परप्रांतातून कालच आलेल्या कामगारालाही ती कळते.

बोर्ड स्वतः उजळलेला असला तरी तो जिन्यावर पुरेसा उजेड पाडत नाही. बोर्ड आणि दिवा दोन्ही लागतात.

१३. अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या तर दिव्यांची गरज उरते का?

उरते, पण पट्ट्या जरूर लावा. धूर दाट झाला की माणूस वाकून किंवा रांगत जातो, तेव्हा दारावरचा बोर्ड दिसत नाही, पायऱ्यांच्या कडेची पट्टी दिसते. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या स्फोटानंतर जिन्यांत अशा खुणा केल्या होत्या, २००१ मध्ये त्या उतरणाऱ्यांच्या उपयोगी पडल्या. पुढे २००४ च्या कायद्याने त्या शहरातल्या उंच कार्यालयीन इमारतींना त्या सक्तीच्या झाल्या.

मेख अशी, की या पट्ट्यांना आधी उजेड ‘खायला’ लागतो. वीज वाचवायला जिन्यात हालचालीवर लागणारे सेन्सरचे दिवे बसवले असतील आणि जिना दिवसभर अंधारा असेल, तर पट्टी ऐन वेळी फिकी पडते. सेन्सर ठेवायचाच असेल तर दिवे पूर्ण विझणारे नकोत, मंद होणारे घ्या.

१४. लिफ्टमध्ये एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) आहे. तीही सुटकेची सोय धरायची का?

नाही. वीज गेली की एआरडी लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं, एवढंच त्याचं काम. तो मजला धुराने भरलेला असू शकतो. लिफ्टमध्ये बॅटरीचा दिवा हवाच, पण आगीत रहिवाशांनी जिनाच धरायचा. आश्रयक्षेत्र (आगीच्या वेळी थांबण्यासाठी उंच इमारतीत राखलेली जागा) असेल तर तिथेही आपत्कालीन दिवे हवेत. अनेक सोसायट्यांत तिथे जुने सोफे ठेवलेले असतात, आधी ते हलवा.

१५. नाटकात ब्लॅकआउट असतो. दिग्दर्शक म्हणतात एक्झिटचे बोर्ड तेवढ्यापुरते बंद करा. करता येईल का?

बंद करू नका. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहातला मार्गाचा उजेड कमी करायला मुभा आहे, शून्य करायला नाही. पायऱ्यांच्या कडेचे छोटे दिवे आणि दारावरचे बोर्ड कायम लागलेलेच हवेत. अडचण खरी आहे, रंगमंचाशेजारच्या दारावरचा बोर्ड नेपथ्यावर हिरवी छटा टाकतो आणि अंधारातला नटाचा प्रवेश उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणजे प्रेक्षकांकडून दिसणारा पण रंगमंचावर उजेड न पाडणारा, बाजूने आडोसा असलेला बोर्ड. त्यावर काळं कापड टाकणं मात्र अजिबात चालणार नाही. आठशे माणसं ज्या दारांच्या भरवशावर आत बसली आहेत, ती दारं त्यांना दिसली पाहिजेत.

मंगल कार्यालयातही हेच. झालरी, फुलांच्या कमानी आणि सेल्फीचा पडदा बोर्डापुढे येणार नाही, हे डेकोरेटरशी बुकिंगच्या वेळीच ठरवा. गणेशोत्सवाच्या बंदिस्त मंडपात तर वीज तात्पुरत्या जोडणीची असते, ती जाण्याची शक्यता जास्त. बाहेर जायच्या प्रत्येक वाटेवर बॅटरीचा दिवा हवाच.

१६. आमची चाळ जुनी आहे, लाकडी जिना, वायरिंग उघडं. एवढं सगळं कसं करणार?

सगळं एकदम करू नका. लाकडी जिन्याच्या चाळीत उतरायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून तिथे उजेडाची गरज उलट जास्त आहे. प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी एक आणि मधल्या वळणावर एक, असे स्वतंत्र बॅटरीचे दिवे लावा, जुन्या वायरिंगला ताण पडत नाही. पायऱ्यांच्या कडांना पांढरा किंवा पिवळा पट्टा मारा, नजर कमी झालेल्यांना दिवसाही त्याची मदत होते. गॅलरीतल्या सायकली, पिंप आणि चपलांची रॅक जिन्यापासून हटवा. वायरिंगसाठी पैसे जमेपर्यंत एवढं तरी महिनाभरात होऊ शकतं.

१७. दिवे आहेत, पण वाट संपते तिथे कुलूप आहे: मागचं गेट रात्री बंद असतं आणि गच्चीचं दारही. काय करावं?

उजेड माणसाला ज्या दाराकडे नेतो ते दार उघडलंच पाहिजे. मुंबईच्या कमला मिल्सच्या आवारातल्या पबला २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ माणसं गेली. बाहेरची वाट न सापडल्याने त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात आसरा घ्यायला गेले होते. चुकीच्या दाराकडे गेलेला माणूस धुरात परत फिरू शकत नाही.

मागचं गेट सुटकेच्या मार्गावर असेल तर आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवा. चोरीची भीती असेल तर दार उघडताच वाजणारा अलार्म लावता येतो. गच्चीचा प्रश्न नाजूक आहे, कारण मुलांची काळजी, पार्ट्यांची कटकट, सगळं खरं असतं. तिथेही आतून ढकलून उघडणारी कडी आणि अलार्म हाच मार्ग. तो होईपर्यंत गच्चीकडे ‘एक्झिट’चा बाण दाखवू नका. गेटबाहेर, जिथे पाय रस्त्यावर पडतो तिथे, एक आपत्कालीन दिवा लावा. उघड्या गटाराची कड आणि आवारातली पायरी तिथेच असते.

१८. तळमजल्याच्या दुकानदाराने जिन्याखालची जागा घेतली आहे. तिथला आपत्कालीन दिवा त्याच्या मीटरवर आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो मेन बंद करून जातो. चालेल का?

नाही. मेन बंद झाली की तो दिवा प्रश्न ८ मधल्यासारखा जळून रिकामा होतो, आणि रविवारी रात्री तो भागच अंधारात असतो. सामायिक वाटेवरचा दिवा सोसायटीच्या सामायिक मीटरवरच हवा. जिन्याखाली माल ठेवला असेल तर ती त्याहून मोठी बाब आहे, लेखी पत्र देऊन जागा मोकळी करून घ्या.

१९. आम्ही ‘फॉर्म बी’ वेळेवर देतो. मग दर महिन्याची तपासणी वेगळी कशाला?

‘फॉर्म बी’ म्हणजे परवानाधारक एजन्सीचं देखभालीचं प्रमाणपत्र, ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. म्हणजे दोन तपासण्यांमध्ये सहा महिने जातात. रंगकाम करणारे दिव्यावरून ब्रश फिरवतात, फर्निचर चढवताना दिवा निखळतो, बॅटरी मान टाकते, हे सगळं त्या सहा महिन्यांत होतं. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा कमिटीतल्या कुणीतरी त्याच्याबरोबर सगळे मजले चालावेत आणि प्रत्येक दिवा जळताना स्वतः बघावा. न बघता सही झालेला कागद जिन्यात उजेड पाडत नाही. मधल्या महिन्यांत प्रश्न १० मधली वही भरायची, त्यासाठी इलेक्ट्रिशियन लागत नाही. एक शिडी किंवा लांब काठी आणि प्रत्येक विंगमधला एक जबाबदार माणूस पुरतो.